उत्तराच्या ओळीवरची कोरी जागा

चीनमधल्या चिनच्यांगच्या सरकारी शाळेत ज्वांग रुईचिन बाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आता निवांत चहा पीत बसायचं असं ठरवलं. ते त्यांना जेमतेम एक उन्हाळा जमलं. नवरा म्हणाला, "तू घरात राहिलीस तर माझ्या कुंड्यांनासुद्धा गृहपाठ देशील." तेवढ्यात गावाबाहेरच्या आंतरराष्ट्रीय शाळेतून बोलावणं आलं. तिथले गणिताचे मास्तर परदेशी आणि पालक इथले. मास्तर बोलायचे ते पालकांना कळत नसे, आणि पालक बोलायचे तेव्हा मास्तर हसून नुसती मान डोलवायचे. मधे बसायला कुणीतरी हवं होतं. बाईंचं इंग्रजी बेताचंच, पण समोरच्याला कळेपर्यंत सोडायचं नाही हा स्वभाव होता. त्या जाऊ लागल्या.

काम अगदी साधं आहे, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. सोळाव्या वर्षी मुलं आयजीसीएसईची गणिताची परीक्षा देतात, पेपर इंग्लंडहून येतो, तपासायला तिकडेच परत जातो. ही परीक्षा पालकांना समजावून द्यायची, बस्. साधं म्हणणाऱ्या त्या भल्या माणसाचा चिनच्यांगच्या पालकांशी कधी संबंध आला नसावा.

इथले पालक म्हणजे बुटांचे लोक. कुणी बुटांचे तळ बनवतो, कुणी नाड्या, कुणी नुसती खोकी. सभेला येतात ते कारखान्यातून थेट, अंगाला गोंदाचा वास घेऊन, आणि प्रश्न विचारतात ते कच्चा माल घेताना विचारावेत तसे.

"ए मिळायला किती गुण लागतात?"

"दर वेळी बदलतं. पेपर अवघड निघाला तर कमी, सोपा निघाला तर जास्त."

"म्हणजे भाव आधी सांगणारच नाहीत?"

"साधारण सत्तरच्या आसपास धरा."

"सत्तरला ए! ही परीक्षा आहे की खिरापत?" मागून कुणीतरी म्हणे आणि सगळे हसत. मग पुढचा प्रश्न ठरलेला असे. "वर्गात पोरगं कितवं आलं ते कुठे लिहिलेलं असतं?" ते कुठेच लिहिलेलं नसतं, हे ऐकून तर लोक हवालदिल होत. गणकयंत्र घेऊन परीक्षेला बसायला परवानगी आहे, हे बाई सगळ्यात शेवटी सांगायच्या, कारण त्यानंतर सभेत दुसरं काही बोलणं होत नसे.

पहिल्या सभेत त्यांनी पडद्यावर एक मोठा तक्ता दाखवला होता. सगळ्यांनी फोन वर करून त्याचा फोटो काढला, आणि तो फोटो पुन्हा कुणी उघडला नाही. दुसऱ्या सभेपासून बाईंनी तक्ता गुंडाळला आणि घरचा चहाचा ट्रे आणला. एकेका पालकाला शेजारी बसवायचं, बोटभर कपात पुन्हा पुन्हा चहा ओतायचा आणि सांगायचं. पेपर दोन तऱ्हेचे असतात, साधा आणि वरचा. साध्याला बसलं तर फार तर सी मिळतो, मूल कितीही हुशार असलं तरी. वरच्याला बसलं तर ए काय, त्याच्या वरचंही मिळतं, पण झेपलं नाही तर हातात काहीच येत नाही. कुणाला कुठल्या पेपराला बसवायचं ते वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, सुट्टीआधी शाळा ठरवते आणि नावं कळवून टाकते. मग त्यात बदल नाही.

इतकं समजलं की पालक उठून जात आणि बाहेर गेल्यावर दुसऱ्यांना चुकीचं सांगत. पण बाईंना ते चाले. निदान चुकीचं सांगण्याइतकं तरी ऐकलं, असं त्या म्हणत.

ह्या सगळ्यांत दिंगशेठ म्हणजे बाईंचा लाडका पालक आणि कायमची डोकेदुखी. दिंग च्येनफा त्याचं नाव. बुटांचे तळ बनवायचा कारखाना होता, शिक्षण आठवीपर्यंत. बायको लांबच्या इवू शहरातल्या बाजारातलं दुकान सांभाळायची आणि अधूनमधून येऊन जायची, त्यामुळे मुलीचं सगळं दिंगशेठच्याच गळ्यात. तेही तो हौसेने करायचा. मुलगी लानशिन, सोळा वर्षांची, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. त्यासाठी पुढची दोन वर्षं वरचं गणित घ्यायला हवं, आणि ते मिळायला आयजीसीएसईच्या वरच्या पेपरात निदान बी हवा. साध्या पेपराला नाव गेलं की तो रस्ता तिथेच बंद.

मुलीच्या गणिताचं श्रेय दिंगशेठ बेधडक स्वतःकडे घ्यायचा. "लहानपणी शाळेत सोडायला जायचो ना बाई, तेव्हा स्कूटरवर मागे बसवून तिच्याकडून तीन पॉइंट चौदाचा पाढा म्हणून घ्यायचो. नवाला किती? अठ्ठावीस पॉइंट सव्वीस! सिग्नल सुटायच्या आत. आमची पोरगी कुठे म्हणून अडत नाही. विचारा कुणालाही." हे तो पोरीच्या देखतच सांगायचा, आणि ती खाली मान घालून बुटाच्या टोकाने फरशी घासत राहायची. बाईंना वाटे, लाजते बिचारी.

डिसेंबरात शाळेची सराव परीक्षा झाली आणि लानशिनला डी मिळाला.

गणिताचे प्रायस सर उंच, शांत आणि माणूस म्हणून चांगले. त्यांनी बाईंना बोलावून पेपर पुढे ठेवला. "मला वाटतं, हिला साध्या पेपरालाच बसवावं," ते म्हणाले. "वर्गात तोंडी विचारलं तर सगळं येतं. कागदावर मात्र काही नसतं. वर्षभर सांगतोय, कसं केलंस ते लिही. ऐकतच नाही."

बाईंनी पानं उलटली. प्रत्येक प्रश्नाखाली चांगली चार बोटं कोरी जागा आणि तिच्या तळाशी ठिपक्यांची ओळ. लानशिनने ठिपक्यांच्या ओळीवर सुबक अक्षरात उत्तर लिहिलं होतं. वरची जागा धुतलेल्या ताटासारखी लख्ख. चौदा त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ विचारलं होतं, तिथे उत्तर होतं ६१५. बरोबर उत्तर ६१६. गुण शून्य.

बाईंना हसू आलं. ६१५ कुठून आलं ते त्यांना एका नजरेत कळलं होतं. तीन पॉइंट चौदा गुणिले एकशे शहाण्णव, सहाशे पंधरा पॉइंट चव्वेचाळीस. बापाचा पाढा होता तो. गणकयंत्रावरचं π म्हणजे पायचं बटण दाबून केलं असतं तर सहाशे सोळा आलं असतं.

"हिला रीत येते, सर. फक्त पायची किंमत सिग्नल सुटायच्या घाईची घेतली आहे."

"असेल. तिने पाय गुणिले चौदाचा वर्ग एवढं जरी लिहिलं असतं तरी दोनातला एक गुण मी डोळे मिटून दिला असता. इथे मी काय बघून देऊ?" प्रायस सर म्हणाले. "आणि मी दिला तरी इंग्लंडमधला तपासनीस देणार नाही. तो हिला ओळखत नाही."

बाई पान बघत राहिल्या आणि ही मुलगी नेमकं काय करते आहे ते त्यांना उमगलं. ठिपक्यांची ओळ म्हणजे रिकाम्या जागा भरा! इथल्या शाळांत पहिलीपासून हेच. मोठ्या उदाहरणाला पायऱ्या लिहायच्या, त्याचे गुण मिळतात. पण ठिपक्यांची ओळ दिसली की आकडेमोड कच्च्या कागदावर, जागेत नुसतं उत्तर. बरोबर तर पूर्ण गुण, चूक तर भोपळा. कच्चा कागद परीक्षा संपली की चोळामोळा करून टाकायचा. ज्वांग बाईंनी स्वतः हजारो पोरांना हेच करायला लावलं होतं, आणि तिथे ते बरोबरच होतं. इंग्लंडच्या पेपरात मात्र अख्खा पेपर ठिपक्यांच्या ओळींचा, आणि गुण दडलेले त्या ओळींच्या वर.

"अजून एक संधी द्या," बाई म्हणाल्या. "जानेवारीत दुसरा सराव पेपर घ्या. मग नाव कुठे घालायचं ते ठरवा."

प्रायस सरांनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं.

त्याच संध्याकाळी बाईंनी दिंगशेठला फोन लावला. बोलणं ऐकून तो भडकलाच. "कोरी जागा? अहो, ती स्वच्छ ठेवायची जागा आहे! कच्चं काम कच्च्या कागदावर. पक्क्या कागदावर खाडाखोड करतं का कोणी? बूट विकताना गिऱ्हाइकाला गोंद दाखवतो का मी?"

"लानशिनचे बाबा, इथे गोंदाचेच गुण आहेत."

"अशी कसली परीक्षा! आणि ते यंत्र मी कपाटात ठेवलंय कुलूप लावून. त्याने पोरांची डोकी गंजतात." त्याने फोन ठेवून दिला. बाईंनी चार दिवस वाट पाहिली, आणखी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तेच. शेवटी शनिवारी पिशवीत लानशिनचा डिसेंबरचा सराव पेपर घालून त्या स्वतःच कारखान्यावर गेल्या. नवरा म्हणाला, "तुला शाळा पगार देते तो शाळेत बसायचा." बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

कारखान्याच्या ऑफिसात चहाचं मोठं टेबल होतं आणि त्याच्या एका टोकाला लानशिन अभ्यासाला बसली होती. समोर कच्च्या कागदांची चळत. बुटांच्या कापाचे नमुने छापलेले जुने कागद होते ते, पाठीमागून कोरे. दिंगशेठने बाईंना पाहून खुर्ची पुढे केली, किटली चढवली, पण तोंड वाकडंच. फोनचा राग असेल असं बाईंना वाटलं, तर तो निराळ्याच कारणाने वैतागला होता.

"काल तो परदेशी कंपनीचा साहेब आला होता, तपासणीला," त्याने कप भरत सुरुवात केली. "मी म्हटलं, चांगली छाप पाडावी. काचेच्या कपाटात निवडक माल लावला, चकचकीत. कारखान्याच्या लाइनवर चादरी घातल्या, जमीन पुसून घेतली. तर पठ्ठ्या कपाटाकडे बघेचना! म्हणाला, चादरी काढा. गोंदाची बादली दाखवा. भट्टी किती गरम ठेवता, दाखवा. एका तळाची कड बिघडलेली होती, मला वाटलं आता संपलं. तर तो म्हणतो, हरकत नाही, कुठे बिघडली ते दिसतंय, मशीन नीट लावून घ्या. आणि कपाटातल्या मालाला एक गुण नाही दिला मेल्याने."

बाईंनी कप खाली ठेवला. "का नाही दिला?"

"का म्हणजे? त्याला काय ठाऊक तो माल मीच बनवलाय? बाजारातून आणून मांडला असेल तर?"

"मग इंग्लंडच्या तपासनिसाला काय ठाऊक, लानशिनने उत्तर स्वतः काढलंय?"

दिंगशेठ किटली हातात धरून थांबला. पेपर पिशवीतून काढून बाईंनी ते वर्तुळाचं पान त्याच्यासमोर सरकवलं आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ही तुमची लाइन. हिच्यावर चादर घातली आहे तुम्ही."

"आयला!" दिंगशेठने मांडीवर थाप मारली, चहा सांडला. "म्हणजे हा तपासनीस गिऱ्हाईक नव्हेच! हा तपासणीचा साहेब आहे! मग हे असं सांगायचं ना बाई, दोन वर्षं नुसता चहा काय पाजताय मला!" तो उठून कपाटाशी गेला, कुलूप काढलं, गणकयंत्र आणून मुलीपुढे ठेवलं. "लानशिन, ऐकलंस ना? आता सगळं लिहायचं. गोंद, खिळे, भट्टी, सगळं. हं, हे उदाहरण घे. वरच्या जागेत लिही."

लानशिनने पेन्सिल उचलली. कागदाकडे बघत बसली. शंकूचं उदाहरण होतं, तिला नक्की येणारं.

"लिही ना."

ती लिहीना. दिंगशेठ जवळ जाऊन तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागला, तसा तिने हात आडवा ठेवून ती कोरी जागा झाकली. कोऱ्या जागेत झाकण्यासारखं काही नव्हतं, तरी झाकली.

"अगं, आता परवानगी आहे. मीच सांगतोय."

"मला माहीत होतं," लानशिन म्हणाली. आवाज इतका बारीक की बाईंना पुढे झुकावं लागलं. "सर वर्षभर सांगतायत. पायऱ्यांना गुण असतात ते मला पहिल्यापासून माहीत आहे."

"मग का नाही लिहिलंस?" बापाचा आवाज चढला.

"लिहिलं की तुम्ही बघता. प्रत्येक पेपर बघता. मी कुठे थांबले, काय खोडलं, सगळं दिसलं असतं." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते कागदावर पडू नये म्हणून तिने मान मागे घेतली. "तुम्ही सगळ्यांना सांगता मी कुठे अडत नाही. मी प्रत्येक उदाहरणात अडते, बाबा. प्रत्येक. मग कच्च्या कागदावर करत बसते आणि तो कागद टाकून देते."

बाईंना त्या फरशी घासणाऱ्या बुटाच्या टोकाचा अर्थ तेव्हा कळला. इतक्या वर्षांची मास्तरीण, आणि लाज आणि भीती ह्यांत फरक करता आला नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. पण हे बोलायची वेळ नव्हती.

दिंगशेठ खुर्चीत बसला. बराच वेळ त्याने टेबलावरचा सांडलेला चहा फडक्याने पुसला, कोरडा झाल्यावरही पुसत राहिला.

"आठवीत होतो," तो म्हणाला. "आकड्यांच्या जागी अक्षरं आली. सगळे भराभर लिहीत होते. मला पहिल्याच ओळीला कळेना. मास्तर विचारायचे, कळलं? मी म्हणायचो, हो. वर्षभर हो म्हणालो. मग शाळा सोडली आणि लोकांना सांगितलं, धंद्यात पडायचंय." त्याने मुलीकडे बघितलं नाही. "अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलाही नाही."

लानशिनने नाक पुसलं. मग हात काढून घेतला आणि शंकूच्या आकृतीखाली पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. दिंगशेठ बघत होता, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि त्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते त्याला ओळखणारेच जाणोत.

जानेवारीत दुसरा सराव पेपर झाला. थंडी मी म्हणत होती. प्रायस सरांनी निकाल सांगायला दिंगशेठ आणि लानशिन दोघांना बोलावलं, बाई मधल्या खुर्चीत. सरांनी सांगितलं आणि बाईंनी आपल्या भाषेत सांगितलं: बी मिळाला आहे, नाव वरच्या पेपराला जाईल. मेपर्यंत अजून मेहनत करावी लागेल, पण जाईल.

बाईंना वाटलं, आता हा उठून टाळ्या पिटणार, कितवी आली विचारणार. दिंगशेठने नुसता पेपर मागितला. तो उघडून बघू लागला. कोऱ्या जागा आता कुठेच नव्हत्या. ओळींवर ओळी, बाण, खोडलेले आकडे, कडेला चौकटीत पुन्हा केलेली बेरीज. एका पानावर उत्तर चुकलं होतं, लाल फुली होती, आणि तरी चारातले तीन गुण होते.

"चुकलं तरी तीन?"

"चुकीच्या आधीचं सगळं बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

दिंगशेठने त्या पानावर आडवा अंगठा ठेवला आणि हळूहळू खाली आणत गेला, प्रत्येक ओळीशी थांबत. प्रायस सरांनी घड्याळाकडे पाहिलं, बाहेर दुसरे पालक थांबले होते. बाईंनी त्यांना हातानेच जरा दम धरा म्हणून खुणावलं.

"मला ह्यातलं काही म्हणजे काही कळत नाही," अखेर दिंगशेठ मुलीला म्हणाला. "पण सोळा वर्षांची झालीस, आणि तू विचार कसा करतेस ते आज बघितलं."

लानशिन कानापर्यंत लाल झाली. "अक्षर घाण आहे ना?"

"घाण आहे," तो म्हणाला, आणि त्याने पान उलटलं नाही.